मखमलाबादचं विरजण

दिनांक २३ ऑगस्ट १९९७, शनिवार. रक्कम चार हजार तीनशे ऐंशी रुपये, रोख. हजर तिघे: मी, माझा मेहुणा आणि खिडकीमागे बसलेला दवाखान्याचा माणूस. माझी बायको मागच्या बाकावर, मांडीवर चादरीचं गाठोडं घेऊन बसली होती. टायफॉइड, अकरा दिवस. ती पावती अजून माझ्याकडे आहे. खोलीभाडं, सलाईन, इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, सगळं ओळीनं लिहिलेलं आहे आणि बेरीज बरोबर आहे. मी तिथेच उभं राहून ती दोनदा केली होती.

त्या अकरा दिवसांत आमच्या घरातून आणखी एक गोष्ट गेली. ती पावतीत नाही, कारण ती मी घालवली. तिच्याबद्दल लिहायचं आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत असे. नट, बोल्ट, बेअरिंगं, ग्रीसचे डबे. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नसे, आणि मला त्याचा थोडा जास्तच अभिमान होता. सिडकोत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी, बायको आणि मुलगी. मुलगी तेव्हा आठ वर्षांची.

बायको मखमलाबादची, मळ्यातली. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर; पहाटे उठून जुड्या बांधायच्या आणि गाडीत घालून नाशकात पाठवायच्या, असं तिचं लहानपण. दारात दोन म्हशी. लग्नात तिच्या आईनं तिच्याबरोबर जे सामान दिलं त्यात एक स्टीलचा डबा होता, तोंडाला केळीचं पान बांधलेला. आत दही. माझी आई तेव्हा हसून म्हणाली होती, "आमच्याकडं दही खात नाहीत असं वाटलं का काय विहीणबाईंना?" पण ते खायचं दही नव्हतं, विरजण होतं. त्यातलं चमचाभर कोमट दुधात घालायचं, सकाळी त्याचं दही झालं की त्यातलं चमचाभर उद्यासाठी ठेवायचं. असं रोज. तिच्या आईला ते तिच्या सासूनं दिलं होतं. त्याच्या मागचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते दही वेगळं होतं हे मलाही मान्य आहे. घट्ट, सुरीनं कापावं असं, आणि आंबटपणा अगदी शेवटी येणारा. थंडीत नाशकात दूध लवकर विरजत नाही. तेव्हा ती चिनी मातीचा लहान सट पिठाच्या डब्यात, पिठात अर्धा रुतवून ठेवायची. मी एकदा विचारलं, "एवढं कशाला? डेअरीतून आणू की." ती म्हणाली, "अहो, ते जिवंत असतं." मी ते बोलण्यापुरतं घेतलं. १९९५ च्या उन्हाळ्यात तिची आई वारली. तोवर विरजण शेजारणीनं लावलं होतं. तेराव्यानंतर आम्ही परतलो, तिनं पायही न धुता आधी सटाचं झाकण उघडून वास घेतला, आणि मग बसली. हे मी पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

आता १९९७ च्या ऑगस्टकडे येतो. १२ तारखेला तिला दाखल केलं. मुलीला माझ्या मोठ्या बहिणीकडे ठेवलं. मी रजा काढून दवाखान्यातच राहिलो, तिच्या खाटेजवळच्या बाकावर. १७ तारखेला, रविवारी, अंघोळीला म्हणून घरी आलो तर स्वयंपाकघरात वास सुटलेला. ओट्यावर सट. झाकण काढलं तर वर हिरवी-काळी बुरशी. मी सगळं मोरीत ओतलं. कपड्याची पावडर घेतली, कढत पाणी घेतलं आणि सट आतून-बाहेरून घासला. खरखरीत काथ्यानं. मग गच्चीवर उन्हात उपडा ठेवला. सट इतका स्वच्छ झाला होता की मला बरं वाटलं. त्या आठवड्यात मी केलेलं एवढं एकच काम पूर्ण झाल्यासारखं वाटत होतं.

ती घरी यायच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती विचारेल. कोपऱ्यावरच्या डेअरीतून पाव किलो दही आणलं, त्याचं विरजण लावलं आणि सट जागेवर ठेवला.

ती आली, बसली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "विरजण लावत होतात ना?"

मी म्हणालो, "हो. रोज."

माझ्या आयुष्यातली ती एकच खोटी नोंद नसेल, पण मला आठवणारी ती पहिली.

दोन दिवसांनी तिनं मऊ भातावर दोन चमचे दही घेतलं. एक घास खाल्ला. चमचा खाली ठेवला. मी बघत होतो. "तापानं तोंडाची चवच गेली," ती म्हणाली. मी सुटलो असं मला वाटलं.

सप्टेंबरात ताप उलटला. गोळ्यांचा दुसरा कोर्स. दिवाळीनंतर पुन्हा बारीक ताप, पुन्हा तपासणी, तिसरा कोर्स, चौदा दिवसांचा. ताप गेला. पण ती परत आली नाही. दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. ती घरात होती, स्वयंपाक करत होती, मुलीची वेणी घालत होती, आणि तरी नव्हती. पोट सतत बिघडलेलं. भाकरीचा चतकोर खाल्ला की पोट फुगायचं. दिवसाला पाच-पाच वेळा शौचाला. आणि मग ती पलंगाच्या कडेला पोटावर हात ठेवून बसायची, भिंतीकडे बघत.

मी मला येत होतं ते केलं. ती दवाखान्यातून आली त्या दिवशीच दोनशे पानी वही घेतली होती, पट्टीनं रकाने आखले होते. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती, शौच, गोळ्या. दुपारच्या नोंदी तिनं करायच्या, संध्याकाळी मी पान तपासायचं, खाली बेरीज मांडायची, बरोबरची खूण करायची. ती निमूट लिहायची. डॉक्टरांना वही दाखवली तेव्हा ते खूश झाले. "असे नातेवाईक मिळाले तर आमचं काम अर्धं होईल," म्हणाले.

मग त्यांनी तिला विचारलं, "ताई, नेमकं काय होतं?"

"पोटात कसंतरी होतं."

"कसंतरी म्हणजे? दुखतं? जळजळतं? गॅस होतो?"

"कालवतं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पित्ताची गोळी लिहून दिली. त्यांना दोष देत नाही. पोटात कालवतं हे आपल्याकडे मळमळीलाही म्हणतात आणि वाईट वाटतं तेव्हाही म्हणतात. त्यांनी त्यातला एक अर्थ घेतला, मीही तोच घेतला. मला तोच हवा होता, कारण त्याला रकाना होता.

जानेवारीत, संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात, मी तिला न सांगता मखमलाबादला गेलो. मला इतकंच सुचलं होतं की तिच्या माहेरून विरजण आणावं, गुपचूप सटात घालावं, म्हणजे निदान माझं खोटं मिटेल. मेहुणा मळ्यात पंपाशी बसला होता. मी रिकामा डबा काढला, तसा तो हसला.

"दाजी, म्हशी कव्हाच इकल्या. आता पिशवीचं दूध. दही बी दुकानातून आनते आमची कारभारीन."

"विरजण तरी असेल ना जुनं?"

"कुठलं? आई गेली अन् त्ये बी गेलं. आईचं जे काय हाय ते अक्कापाशीच. मीच म्हनलो व्हतो अक्काला गेल्या आखाजीच्या सणाला, आमाला थोडं दे म्हनून. ती म्हनली, पावसाळ्यात देते." त्यानं माझ्याकडे बघितलं. "का हो? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यानं मेथीच्या दोन जुड्या आणि पिशवीभर झेंडू दिला. मी तो घेऊन सायकलवर परत आलो. म्हणजे शिल्लक फक्त आमच्याकडे होती, आणि ती मी मोरीत ओतली होती.

घरी आलो. तिनं मेथी हातात घेतली, जुडीचा बांध बघितला. "मखमलाबादला गेला होतात."

"हं."

"विरजणासाठी."

मी बूट काढत होतो, तसाच वाकून राहिलो. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्या घासाला."

"मग बोलली का नाहीस?"

"लिहिलं होतं की. वहीत."

मी वही काढली. सुरुवातीची, ऑगस्टमधली पानं, जी मी तपासून बंद केली होती. २५ ऑगस्ट, दुपार. काय खाल्लं, या रकान्यात तिच्या बारीक अक्षरात: दही, दोन चमचे. आपलं नाही. त्याच्या पुढे माझी बरोबरची खूण होती. पानाच्या खाली माझी बेरीज होती. मी ती ओळ वाचली होती, दोन चमचे धरले होते आणि पुढे गेलो होतो.

"मला विचारायचं तरी," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, ते मला अजून आठवतं आणि लाज वाटते. "एवढे महिने!"

"काय विचारू? अकरा दिवस बाकावर झोपलात. पाठ धरली होती तुमची. त्यावर काय बोलायचं? घातलं पोटात."

पोटात घालणं म्हणजे माफ करणं. हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी ती पोटावर हात ठेवून ते बोलली आणि मला ते शब्द आहेत तसेच ऐकू आले. माझी चूक, तिच्या आईचं जाणं, तीन कोर्सच्या गोळ्या, सगळं तिनं एकाच जागी घातलं होतं.

"थोडं मी शेजारी दिलं होतं," ती जरा वेळानं म्हणाली. "सिस्टरना. पण त्या तर गेल्या."

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या नर्सबाई. एकट्या होत्या. १९९४ साली त्यांनी बायकोकडून विरजण नेलं होतं आणि दोन वर्षांनी त्यांची बदली हरसूलला झाली होती. मी फेब्रुवारीतल्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी सकाळची एसटी धरली. त्र्यंबक सोडल्यावर गाडी निम्मी रिकामी झाली, मग हरसूलच्या बाजाराला चाललेल्या बायका पाट्या घेऊन चढल्या आणि पुन्हा भरली. माझ्या पिशवीत वही होती. का घेतली होती ते सांगता येत नाही. कुठेही गेलो तरी मी तेव्हा ती घेऊनच जात असे.

सिस्टर दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये कपडे वाळत घालत होत्या.

"अगंबाई, भाऊ! कुणी आजारी नाही ना?"

"विरजण पाहिजे होतं."

त्यांनी चिमटा तोंडातून काढला. "नाशकात दही मिळेनासं झालं का?"

मी सगळं सांगितलं. सट घासला ते, डेअरीचं दही, मखमलाबाद. पुरावा म्हणून वही पुढे केली. त्यांनी पायरीवर बसून बरीच पानं चाळली.

"शाब्बास. पाच महिने बाई किती वेळा संडासला गेली, सगळं आहे. रडली किती वेळा?"

"ती रडत नाही."

"तुमच्यासमोर."

त्या आत गेल्या, दह्याचं भांडं घेऊन आल्या, आणि माझ्यासमोरच एका छोट्या स्टीलच्या डबीत चमच्यानं विरजण काढू लागल्या.

"हे तिचंच हं. एक दिवस खंड नाही. ड्युटीवर असले तरी कुणाला तरी सांगून जाते." मग म्हणाल्या, "भाऊ, औषध द्यायलाच पाहिजे होतं, नाहीतर ती हाती लागली नसती. त्यात कुणाची चूक नाही. पण ते औषध आत गेलं की वाईटाबरोबर चांगलंही मारतं. तीन तीन कोर्स झाले. तुम्ही सट घासलात ना, तसं आतून घासून निघालंय तिचं पोट. पुन्हा लागायला वेळ जाणार."

"म्हणजे पोटाचंच आहे."

"पोटाचं आहे. आणि मनाचंही आहे. ते काही दोन वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. मनाच्या डॉक्टरांना दाखवा तिला. नाशकात आहेत."

"ती वेडी नाहीये, सिस्टर."

"मी म्हटलं का तसं?"

"सगळं पोटाचं आहे. वहीत बघा ना."

"अहो भाऊ, वहीत तुम्ही रकानेच पोटाचे आखलेत. त्यात दुसरं काय येणार?"

मला राग आला. आज सांगायला हरकत नाही, राग आला तो त्या बरोबर बोलत होत्या म्हणून. त्यांनी चहा ठेवला होता, तो न घेता मी डबी उचलली आणि निघालो. मागून त्या ओरडून म्हणाल्या, "डबी परत करा हो. सावकाश करा, पण करा. रिकामी नको."

रुमाल ओला करून डबीभोवती गुंडाळला आणि ती साडेतीन तास दोन्ही हातांत सरळ धरून बसलो. घरी आल्या आल्या दूध कोमट केलं. किती कोमट, हे तिनं पलंगावरूनच सांगितलं: "बोट बुडवा. दहा मोजेपर्यंत ठेवता आलं पाहिजे." मी मोजलं. सट पिठाच्या डब्यात ठेवला.

सकाळी झाकण काढलं. तिनं चमच्यानं कड मोडली, तोंडात घातली आणि डोळे मिटले. "हे आहे," म्हणाली. वाटी संपवली. मग चेहऱ्यावर पदर घेऊन रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलत होते. मुलगी शाळेच्या गणवेशात दारात उभी राहून बघत होती. मी सवयीनं वहीकडे हात नेला आणि थांबलो. कुठल्या रकान्यात लिहिणार होतो?

विरजण आलं आणि ती बरी झाली, असं मी लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण ते खरं नाही. वहीतून सांगतो. मार्चअखेर शौच पाचावरून दोनावर आलं. एप्रिलात ती पूर्ण भाकरी खाऊ लागली. हे विरजणानं झालं, की दिवस उलटले म्हणून झालं, मला ठाऊक नाही. दोन्ही एकाच काळात घडलं, इतकंच मी म्हणू शकतो. पोट सावरलं. पण भिंतीकडे बघणं सुटलं नाही. कमी व्हायचं, पुन्हा वाढायचं. मोसम बदलला की वाढायचं, तिच्या आईच्या श्राद्धाला वाढायचं, आणि कधी कधी काही कारण नसताना वाढायचं. मी दर वेळी पोटाच्या डॉक्टरांकडे न्यायचो. सिस्टरांचं बोलणं मी घरात सांगितलंच नाही. डबी फडताळात वरच्या फळीवर ठेवली. ती परत करायला गेलो असतो तर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता.

२००१ साली बायकोच म्हणाली, "मी मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन येते."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? शिवणक्लासमधली एक जाते. तिला बरं वाटतंय." मग म्हणाली, "तुम्ही या बरोबर. पण वही आणू नका."

तिथल्या डॉक्टरांनी मला काहीच विचारलं नाही. पाऊण तास तिच्याशी बोलले, मी बाहेर होतो. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ती पोळ्या लाटता लाटता काहीतरी गुणगुणली. मी पेपर वाचत होतो, तो तसाच धरून ठेवला. हलवला असता तर ती थांबली असती असं वाटलं. दोन महिन्यांनी तिनं डॉक्टरांना सांगितलं, "आता कालवत नाही." या वेळी त्या डॉक्टरांनी तो शब्द बरोबर ऐकला.

१९९८ च्या फेब्रुवारीपासून २००१ च्या ऑगस्टपर्यंत साडेतीन वर्षं होतात. एका माणसानं हरसूलला एका पायरीवर मला जे फुकट सांगितलं होतं, ते मी तेवढे दिवस फडताळात ठेवलं. मुलीचं नऊ ते बारा हे वय त्यात गेलं. मुलीनं आईला त्या वयात हसताना फार पाहिलं नाही, आणि ते वय परत मिळत नाही.

पुढची पाच वर्षं चांगली होती. अगदी पहिल्यासारखी नव्हेत, पण चांगली. गोळ्या चालू होत्या, दही चालू होतं. मेहुण्यालाही विरजण गेलं. "अक्कानं पावसाळ्यात देते म्हनून पाच वर्सं लावली," तो म्हणाला आणि ती हसली. माझ्याकडे बघून हसली. मेहुण्याच्या घरी ते दोनच महिने टिकलं, पिशवीच्या दुधात बिघडलं. पण दिलं होतं.

१९ नोव्हेंबर २००६, रविवार, सकाळी साडेनऊ. छातीत दुखतंय म्हणाली. मला आधी वाटलं पित्त असेल, मी पाणी दिलं. हे मी लपवत नाही. रिक्षा आणेपर्यंत वीस मिनिटं, पोचेपर्यंत आणखी वीस. त्यानंतर काही नाही.

घरी आणलं, नेलं, सगळं झालं. दुपारी घर माणसांनी भरलेलं. चूल बंद, शेजारून पिठलं-भात आला होता. मला सट दिसला. आदल्या दिवशीचं दही, तिच्या हातचं, वाटीभर उरलेलं. मी शेजारून कपभर दूध मागून आणलं आणि ते कोमट करायला स्टोव्ह पेटवला. माझी मोठी बहीण धावत आली.

"अरे, सुतकात विरजण लावतात का? लोक काय म्हणतील? वेड लागलं का तुला?"

"मागच्या वेळी अकरा दिवस लावलं नव्हतं," मी म्हणालो.

तिला काही समजलं नाही. मुलीला समजलं. सतरा वर्षांची होती ती. आली आणि दुधात बोट बुडवून, डोळे मिटून मोजू लागली.

मुलीनं पुढे मायक्रोबायॉलॉजी घेतलं. मी सुचवलं नव्हतं. २००९ च्या सुरुवातीला एकदा तिनं कॉलेजमधून येऊन जुनी वही मागितली. "आईला तेव्हा किती कोर्स झाले होते, बाबा? कुठल्या गोळ्या?" मी काढून दिली. नावं, तारखा, संख्या, सगळं होतं. पहिल्यांदाच त्या वहीचा कुणाला तरी उपयोग होत होता. ती बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली की आतड्यात जे जिवाणू राहतात त्यांचा आणि मनाचा संबंध असावा, असं आता म्हणू लागले आहेत. पोटातून मेंदूकडे एक मोठी नस जाते. उंदरांवर काम चाललं आहे. "पण बाबा, खात्रीनं काही नाही हं. आमच्या मॅडम म्हणाल्या, अजून कुणी दही खाऊन दुःख जातं असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

"सिस्टर म्हणाल्या होत्या," मी म्हणालो. "ते दोन वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत."

"कोण सिस्टर?"

तेव्हा मी तिला हरसूल सांगितलं. सट कसा घासला ते सांगितलं. आणि न घेतलेला चहा. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ती रागावली नाही. वही मिटवून म्हणाली, "आईनं लिहिलंय तसं स्पष्ट तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, बाबा." मग विचारलं, "डबी कुठाय?"

मी खुर्चीवर चढून वरच्या फळीवरून काढली. शोधावी लागली नाही.

सिस्टर निवृत्त होऊन पंचवटीत राहतात असं चौकशी करता कळलं. मे महिना होता. दार त्यांनीच उघडलं. केस पूर्ण पांढरे, चष्मा. मला ओळखायला थोडा वेळ लागला.

"भाऊ! अहो किती वर्षांनी? एकटेच? तिला का नाही आणलं? कशी आहे ती?"

त्यांना ठाऊक नव्हतं. कोण कळवणार होतं? ते काम माझं होतं.

"अडीच वर्षं झाली, सिस्टर. हृदयाचं झालं." मग, त्यांनी विचारायच्या आत, सांगून टाकलं. "मनाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. तुम्ही सांगितल्यावर साडेतीन वर्षांनी. तिथं ती आपणहून गेली. मी नेलं नाही."

त्यांनी खुर्ची पुढे केली. मी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. ओला रुमाल सोडला. त्यांनी झाकण उघडलं, करंगळीनं थोडं घेतलं, जिभेवर ठेवलं.

"माझं गेलं हो," त्या म्हणाल्या. "सुरगाण्याला बदली झाली तेव्हा. सामानाच्या गडबडीत. वाटलं होतं, तिच्याकडे जाऊन मागेन कधीतरी." त्यांनी चष्मा काढला. "चहा घ्याल ना आज तरी?"

मी घेतला. दोन कप घेतले.

दिनांक १७ मे २००९, रविवार. हजर: मी आणि सिस्टर. दिलं: एक स्टीलची डबी, आणि तिच्यात मखमलाबादचं विरजण, दीड चमचा. पोचलं: ज्यांचं होतं त्यांना, अकरा वर्षं तीन महिने उशिरानं.